ठासणीची बंदूक आणि वाटीभर विरजण

दोन हजार बावीस साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. आधार कार्डावर एकाहत्तर आहेत, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तारीख अंदाजे टाकली आणि अंदाज चुकला. शाळा चौथीपर्यंत झाली. तेव्हा ह्या लिहिण्यात काही चूक निघाली तर ती गुरुजींची धरावी.

आमचं गाव आष्टीच्या अंगाला, डोंगरपट्ट्यात. जमीन हलकी. पीक आलं की आधी रानडुकरं खातात, उरलं तर आम्ही. राहणं रानातच. आमचं घर आणि चुलत्याचं घर, मधे एक बांध. ह्या घरात ठासणीची बंदूक आहे, माझ्या आज्याची. गावात आता दोघातिघांकडं पिस्तुलं आहेत, ती शर्टाखाली ठेवून शर्ट वर करत फिरतात. आमची बंदूक शर्टाखाली मावत नाही. ती माझ्या खांद्याएवढी उंच आहे.

ठासणीची म्हणजे हिच्यात काडतूस जात नाही. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग नारळाच्या शेंडीचा बोळा, मग छर्रे, वर आणखी एक बोळा, आणि लोखंडी गजानं ठासायचं. एवढं करून बंदूक उडत नाही. मागं घोड्याखाली तांब्याची एक बारकी टोपी बसवावी लागते, तुरीच्या दाण्याएवढी. चाप ओढला की घोडा टोपीवर पडतो, ठिणगी आत जाते, दारू पेटते. टोपी नसेल तर बंदूक म्हणजे दांडकं. हे नीट ध्यानात ठेवा, पुढं सगळं टोपीवरच आहे.

दर निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. मी प्रत्येक निवडणुकीला केली, कुणी बोलवायच्या आधी. एकदा नवा शिपाई होता. त्यानं विचारलं, "काडतुसं किती?" मी म्हणालो, "काडतूस नसतं हिला. टोप्या असतात." त्यानं माझ्या डोक्याकडं बघितलं आणि म्हणाला, "ती राहू द्या डोक्यावर, बाबा." पावतीवर टोप्या लिहिल्याच नाहीत.

तर बावीस साली परवान्याची मुदत संपत आली. ह्या वयात परवाना पुढं चालवायचा तर डॉक्टरचं पत्र लागतं, की ह्याला दिसतं आणि ह्याचा हात कापत नाही. मी गेलो. डॉक्टर पोरगी होती, माझ्या नातीच्या वयाची. तिनं भिंतीवरचा तक्ता दाखवला. "आजोबा, वाचा."

"दिसतंय. पण वाचता येत न्हाई."

"म्हणजे दिसत नाही."

"दिसतंय बाई. इंग्रजी हाय ते."

तिनं दुसरा तक्ता काढला. त्यात एकच अक्षर होतं, वर, खाली, आडवं पाडलेलं. त्याचे पाय कुठल्या बाजूला ते हातानं दाखवायचं. मी दाखवलं. उजव्या डोळ्यानं सगळं बरोबर आलं. डाव्या डोळ्यानं मी अंदाजानं दाखवलं आणि माझा अंदाज गुरुजींसारखाच निघाला. पत्र मिळालं नाही. हात कापतो का ते तिनं तपासलंच नाही. तो कापत नाही.

आता राहिला एकच रस्ता. वर्ष सरायच्या आत बंदूक वारसाच्या नावावर करायची, नाहीतर सरकारजमा. सरकारजमा म्हणजे पुढं कधीतरी भंगार. माझ्या आज्याची बंदूक भंगारात जाणार नव्हती. मी घरात तसं सांगून टाकलं.

मुलगा एकच, शेती बघतो. त्याला म्हणालो, नावावर करून घे. तो म्हणाला, "दादा, मला रानडुकराचा राग हाय, पण हापिसाच्या चकरांचा त्याहून जास्त हाय." तो विषय तिथं संपला. नातू मात्र तयार. सव्वीस वर्षांचा, जेसीबी चालवतो, लग्न व्हायचंय. त्यानं आठ दिवसांत सगळे कागद गोळा केले. ज्या पोराला रेशन कार्ड आणायला सहा महिने लागले, त्यानं आठ दिवसांत. अर्ज भरून तयार होता, फक्त माझी सही राहिली होती. मी म्हणालो, खंडेनवमीला पूजा करू आणि मग सही करीन. मला लई समाधान वाटलं होतं. ते लपवायचं काही कारण नाही.

आता आज्याचं सांगतो.

आजा अंगानं काटक, बोलायला कमी, रागाला लवकर. ससे, तितर मारायचा, कधी रानडुक्कर. तेव्हा चालत होतं ते, पुढं सरकारनं बंद केलं. वाघ मारला असं तो कधी म्हणाला नाही. ते मी म्हणायचो, शाळेत. कपिलधारच्या देवस्थानाच्या अंगाला गेला तर बंदूक खाली ठेवून हात जोडायचा आणि त्या बाजूचं जनावर सोडून द्यायचा. तो जनावरावर निघाला तर धोतराचा काष्टा वर खोचायचा. माणसावर निघाला तर धोतर तसंच सोडलेलं असायचं. हा फरक आजीनं मला सांगितला.

आजी ठेंगणी. तिच्या कमरेला कायम चंची, सुपारी-तंबाखूची पिशवी. दारू उन्हात घालायचं काम तिचं. एका फडक्यावर कुरडया, दुसऱ्या फडक्यावर दारू, मधे ती काठी घेऊन बसायची. कोंबडी कुरडयांकडं गेली तर आरडायची. दारूकडं गेली तर न बोलता उठायची.

बंदूक आज्याची, पण टोप्या आजीच्या ताब्यात. तो शिकारीला निघाला की म्हणायचा, "टोप्या आन."

आजी विचारायची, "कशावर?"

"सशावर."

"मग दोन बास झाल्या."

"एखादी फुसकी निघती."

"तर घरला ये."

एवढं बोलणं रोजचं ठरलेलं. मग ती फडताळातून वाटी घ्यायची आणि बांध ओलांडून धाकट्या जावेच्या घरी विरजण आणायला जायची. मी तिच्या मागं जायचो. तिथं दोघी चुलीजवळ काहीतरी कुजबुजायच्या, मला गुळाचा खडा मिळायचा आणि आम्ही परत. घरी आली की वाटी ठेवायची आणि पदराच्या गाठीतून दोन टोप्या काढून आज्याच्या हातावर टाकायची.

मी एकदा विचारलं, "आजे, शिकारीला विरजण कशाला?"

"घरात बाहेरचं विरजण आल्याबिगर बंदूक उचलू न्हाई."

"आन् न्हाई आणलं तर?"

"नेम चुकतो."

मी ते धरून ठेवलं. आजा गेला, आजी गेली, बंदूक बापाकडून माझ्याकडं आली. शिकार बंद झाली तरी पीक राखायला म्हणून परवाना होता. पेरणी झाली की मी रात्रीतून एखादा बार काढायचो, नुसत्या दारूचा, डुकरं पळवायला. आणि त्याआधी बायकोला बांधापलीकडं विरजणाला पाठवायचो.

ती म्हणायची, "घरात दोन गाडगी दही हाय. लोकाच्या दारात विरजण कशाला मागू?"

"आमच्यात पद्धत हाय."

"कसली पद्धत?"

"हाय. जा."

ती जायची. वाटी आपटून ठेवायची. वीसेक वर्षं तिनं विरजण आणलं. सहा वर्षांमागं ती गेली आणि मी बंदूक उडवायची बंद केली. एक तर गुडघे, आणि दुसरं म्हणजे विरजण कोण आणणार.

आणखी एक गोष्ट राहिली, ती बांधाची. आमच्या घरात ही गोष्ट देवासारखी जपलेली. आज्याचा सख्खा धाकटा भाऊ बांधापलीकडचा. एका साली नांगरताना त्यानं बांध हातभर आमच्या रानात सरकवला. शब्दाला शब्द लागला. आजा घरात आला, बंदूक ठासली आणि बांधावर जाऊन भावावर रोखली. भाऊ खुरपं घेऊन उभा. हलला नाही. उलट म्हणाला, "दादा, टोपी घरी राहिली वाटतं." आज्यानं चाप ओढला. घोडा पडला, खट्. बस्स. आजा घरी आला.

मला हे आज्यानं स्वतः सांगितलंय. म्हणाला, "मी टोपी मुद्दाम लावली न्हवती. सख्खा भाऊ हाय. नुसता भेव घालायचा व्हता." केवढं मन माणसाचं. हातात बंदूक, समोर बांधचोर, तरी टोपी काढून ठेवणारा. मी ही गोष्ट सोयऱ्याधायऱ्यांत सांगितली, पोरांना सांगितली, तंटामुक्तीच्या बैठकीत दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा अध्यक्ष म्हणाला, "हे झालंय मागच्या वेळी." मी तरी पुरी केली.

खंडेनवमी आली. सकाळी विळे, कोयते, नांगर, नातवाच्या जेसीबीची किल्ली, सगळं मांडलं. मधोमध बंदूक. मी तिला तेलानं पुसलं, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. सूनबाईनं नैवेद्य दाखवला. मी हातपाय धुवायला गेलो, तेवढ्यात नातवानं बंदूक उचलून खांद्यावर घेतली, काळा चष्मा लावला आणि मित्राकडून फोटो काढून मोबाईलवर टाकला. खाली काहीतरी लिहिलंही होतं. काय ते मला नंतर कळलं. 'आता बोला' असं लिहिलं होतं.

दुपारी दोनला बांधापलीकडची भावजय आली. माझ्या चुलतभावाची बायको. भाऊ नाही आता. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी, माहेर उमापूरचं, बोलायला फटकळ. ओट्यावर बसली, पाणी प्याली, चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "भाऊजी, बंदूक भाईर काढली म्हणं. आमच्यावर हाय का?"

"कुणी सांगितलं?"

"माझ्या नातवानं मोबाईल दाखविला. तुमचा पोरगा चष्मा लावून उभा हाय. चांगला दिसतो. पण खाली लिवलंय 'आता बोला'. उन्हाळ्यात पाण्याच्या पाईपावरून बोलाचाली झाली ती त्याची आन् आमच्याच पोराची. मंग आमीच बोलायचं ना? म्हणून आले बोलायला."

मी म्हणालो, "वैनी, पूजेची बंदूक हाय. आन् आमच्या घरात माणसावर बंदूक चालत न्हाई. आज्यानं टोपी काढून ठेवली व्हती, तुमाला माहीत हाय."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग हसली. दात नाहीत, त्यामुळं बराच वेळ हसली.

"टोपी तुमच्या आज्यानं काढली?"

"मग?"

"भाऊजी, टोप्या आमच्या घरात व्हत्या."

मी म्हणालो, काहीही बोलू नका. ती म्हणाली, काहीही नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा तिची आजेसासू, म्हणजे माझ्या आजीची धाकटी जाऊ, हिंडतीफिरती होती. चुलीमागच्या कोनाड्यात मिठाच्या बरणीशेजारी पितळी डबी असायची. नव्या सुनेनं डबीला हात लावला तर म्हातारी खेकसली. पुढं तिनंच सांगितलं. बांधावरून वाजणार हे दोघी जावांना चार दिवस आधी दिसत होतं. आजीनं टोप्या काढून जावेकडं दिल्या आणि आमच्या डबीत सुपारीची खांडं भरली. आजा रागात डबी तशीच घेऊन गेला. बांधावर उघडली तर सुपारी. मग नाक राखायला बिनटोपीचाच चाप ओढला.

"म्हणून आमचे आजेसासरे गुमान उभे व्हते," ती म्हणाली. "त्यांना बायकूनं सांगितलं व्हतं. न्हाईतर ते काय उभं ऱ्हायचं माणूस होय? पळाले असते."

"आन् माझ्या आज्याला?"

"त्येला कोण सांगतंय? त्यो म्हणला मीच काढून ठेवली. म्हणू दिलं."

मला वाटी दिसायला लागली.

"तवापासून टोप्या आमच्याकडंच. ज्याच्यावर बंदूक रोखायची त्याच्याच घरी टोप्या. तुमची आजी विरजणाचं निमित्त करून यायची, दोन घेऊन जायची. ती वारली तवा दहाव्याला आमच्या म्हातारीनं डबी तुमच्या आईच्या हातात दिली. झालं, संपलं."

"आन् मग विरजण?"

"त्येच तर." आता ती पुन्हा हसायच्या बेतात होती. "तुमची मंडळी यायची वाटी घेऊन, तोंड वाकडं करून. मी म्हणायची, टोप्या तर ह्यांच्याच घरात, मग ही विरजण कशाला न्हेती? पण इचारलं न्हाई. म्हणलं, ह्यांच्यात दही लागत नसंल."

बायको असती तर मी हे तिला सांगितलं नसतं.

मी उठून आत गेलो. ट्रंकेतून डबी काढली. सात टोप्या उरल्यात, हिरव्या पडल्यात. बाहेर येऊन डबी भावजयीपुढं धरली. म्हणालो, "धरा. पहिल्यावाणी तुमच्याकडं ठेवा. बंदूक पोराच्या नावावर होऊ द्या."

तिनं डबी घेतली, उघडली, वास घेतला, झाकण लावलं आणि परत दिली.

"मी ठेवीन भाऊजी. पण कुठं? दसरा झाला की ल्योक, सून आन् नातू समदे ऊस तोडायला चालले. घराला कुलूप. मी लेकीकडं उमापूरला, ते पार उन्हाळ्यापस्तोर. तुमचा पोरगा टोप्या मागायला आला तर दार कोण उघडंल? आन् 'कशावर' म्हणून कोण इचारंल? कुलूप इचारणार हाय का?"

हे बरोबर होतं. मला ते आवडलं नाही, पण बरोबर होतं. ती उठली, गुडघ्यावर हात टेकत बांधाकडं गेली.

नातू दिवेलागणीला आला. अर्ज घेऊनच आला. पेनही त्याचंच.

मी विचारलं, "कशावर?"

"काय कशावर?"

"बंदूक. कशावर पायजे?"

"कशावरच न्हाई आबा. असावी घरात. लोक वचकून राहतेत."

"कोण लोक?"

तो बांधाकडं बघून म्हणाला, "लोक."

मी म्हणालो, "सही न्हाई."

"काय?"

"सही करणार न्हाई."

"कावून?"

"मी म्हणतोय म्हणून."

"आबा, ती म्हातारी येऊन गेली, मला कळलंय. तिनं काय सांगितलं आन् तुमी भेलात?"

"मी भेत नसतो."

"मग भंगारात जाऊ देणार? तुमच्या आज्याची बंदूक? तुमीच म्हणत व्हते."

हे तो नेमकं बोलला. मला उत्तर होतं, पण त्यात सुपारी आली असती, आणि दोन म्हाताऱ्या, आणि विरजण. आणि आजा खोटं बोलला हेही आलं असतं. सव्वीस वर्षांच्या पोराला मी ते सांगणार नव्हतो. मी म्हणालो, "जाऊ दे भंगारात." हे शब्द तोंडातून काढायला मला वेळ लागला.

मुलगा भाकरी खात होता, त्यानं मान वर केली नाही. नातवानं अर्जाची घडी करून खिशात घातली आणि मोटरसायकल काढली. सूनबाई तेवढी म्हणाली, "मामा, आधी जेवून घ्या. मग काय भांडायचं ते भांडा." मी जेवलो. भूक होतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दसरा. मी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो, बंदूक माळेसकट गोधडीत गुंडाळली, डबी खिशात टाकली आणि पहिल्या यष्टीनं ठाण्यात गेलो. कंडक्टरनं विचारलं, गोधडीत काय आहे. मी खरं सांगितलं. त्यानं मला पुढच्या सीटवर बसवलं आणि शेजारी कुणाला बसू दिलं नाही. ठाण्यात टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर त्यांच्या बंदुका ओळीनं, सगळ्यांना झेंडूच्या माळा. शिपाई म्हणाला, "बाबा, निवडणूक न्हाई काही न्हाई, आज कशाला आणली? उद्या या." मी म्हणालो, आजच, आणि कायमची. त्यानं रजिस्टर उघडलं. बंदूक लिहिली, गज लिहिला. डबी उघडून "हे काय" म्हणाला, मी सांगितलं, तेव्हा टोप्या सात असंही लिहिलं. मग वारसाच्या रकान्यात त्यानं विचारल्याशिवायच 'नाही' लिहिलं. मी म्हणालो, "खोटं लिहू नका. वारस हायत. 'वारस आहेत, देणार नाही' असं लिहा." तो म्हणाला, असा रकाना नाही. मी म्हणालो, कडेला जागा आहे तिथं लिहा. तो आत साहेबांना विचारून आला आणि त्यानं 'नाही' खोडून कडेला बारीक अक्षरात लिहिलं. मी चष्मा लावून वाचलं. 'देणार'मधल्या ण चा काना राहिला होता. तो घालायला लावला आणि मग सही केली.